दुसरी वाट खरोखर दुसरी आहे का?

रस्त्याच्या कडेला पाण्याच्या पाइपसाठी चर खणताना जेसीबीच्या दातात एक काळी नळी अडकते, ताणली जाते आणि तुटते. चालकाला बहुधा पत्ताही लागत नाही. तिकडे दूरच्या शहरात कंट्रोल रूममधल्या पडद्यावर लाल खुणा उमटू लागतात. केबलच्या टोकातून प्रकाश सोडून तो किती अंतरावरून उलटा फिरतो हे मोजणारे यंत्र तुटलेली जागा दाखवते आणि गाडी निघते. मग खड्ड्यात उतरून केबल सोलायची. आत २४, ४८ किंवा ९६ काचेचे तंतू, प्रत्येक १२५ मायक्रॉनचा, म्हणजे जेमतेम केसाच्या जाडीचा. निळा निळ्याला, नारिंगी नारिंगीला असे रंग जुळवायचे. एकेक तंतू पुसून, काटकोनात छाटून यंत्रात धरायचा आणि विजेच्या ठिणगीने वितळवून जोडायचा. ओढली गेलेली केबल दोन्ही टोकांना आखूड पडते, म्हणून मध्ये नवा तुकडा घालावा लागतो. म्हणजे एका तुटीला दोन सांधे, आणि ४८ तंतूंच्या केबलला ९६ जोड. पाऊस असेल तर हे सगळे ताडपत्रीखाली. खोदणाऱ्याने आधी केबलवाल्याला कळवावे यासाठी ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अॅप मार्च २०२३ मध्ये सुरू झाले, तेव्हा केंद्र सरकारने सांगितलेला आकडा असा होता: देशात वर्षाला सुमारे १० लाख वेळा केबल तुटते आणि त्यापायी सुमारे ३,००० कोटी रुपयांचे नुकसान होते. भागाकार केला तर एका तुटीमागे ३० हजार रुपये पडतात.

केबल तुटली त्या दुपारी क्यूआर कोड समोर ठेवून नुसते बसून राहिलेले दुकानदार, रेशन दुकानात अंगठा उमटत नाही म्हणून परत गेलेल्या बायका, अॅम्ब्युलन्सला न लागलेला फोन या सगळ्यांचा हिशेब तीस हजारांत बसणे अवघड आहे. ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात देशात यूपीआयचे २,००० कोटींहून जास्त व्यवहार झाले. नेटवर्क जाणे हा आता फोनपुरता प्रश्न उरलेला नाही. तरीही ते किती वेळ गेले तर चालेल, ते परत आणण्यासाठी किती पैसा राखून ठेवायचा, हे अजून मुख्यतः कंपनीच्या ताळेबंदावरून ठरते. कंपन्या खर्च आणि भरवसा यांचा तोल सांभाळत नाहीत असे माझे म्हणणे नाही. तो त्या रोजच सांभाळतात. माझी तक्रार दोन गोष्टींबद्दल आहे. तराजूत त्यांचे स्वतःचेच नुकसान तोलले जाते, ही एक. आणि पैसा जो खर्च होतो तोही बहुतेक वेळा जास्तीचे काहीतरी घेण्यात जातो, वेगळे काहीतरी उभारण्यात जात नाही, ही दुसरी. त्यातली दुसरी मला अधिक महत्त्वाची वाटते, कारण तिथे पैसे न वाढवताही बरेच सुधारता येते.

दूरसंचारात बिघाडातून सावरण्याच्या जुन्या रीती दोन. पहिलीत प्रत्येक मार्गाला त्याचा स्वतंत्र पर्यायी मार्ग आधीच बांधून, चालू ठेवलेला असतो. शहरे एका वर्तुळात गुंफायची, एकीकडून तार तुटली तर संदेश दुसरीकडून फिरवायचा. ही अदलाबदल ५० मिलिसेकंदांत व्हावी असा दंडक आहे, म्हणजे बोलणाऱ्याला साधी खरखरही ऐकू येऊ नये. पण त्यासाठी जवळजवळ दुप्पट क्षमता बांधून निम्मी रिकामी ठेवावी लागते. दुसऱ्या रीतीत अनेक मार्गांना मिळून थोडीशी राखीव क्षमता असते आणि बिघाड झाल्यावर वाट शोधली जाते. एसटीच्या आगाराला हे नव्याने सांगायला नको: प्रत्येक गाडीमागे एक राखीव गाडी उभी करणे कुणालाच परवडत नाही, पण सगळ्या गाड्यांमागे दोन-तीन राखीव असल्या तर बहुतेक दिवस निभावतात. ज्या दिवशी चार गाड्या एकदम बंद पडतात, त्या दिवशी प्रवासी फलाटावर बसून राहतात. सामायिक राखीव स्वस्त का पडते आणि तिचे दुखणे कुठे आहे, ते एवढ्यात येते.

आता भरवशाचे गणित. वर्षातला ९९.९ टक्के वेळ चालणारी तार म्हणजे वर्षाला पावणेनऊ तास बंद. ९९.९९ टक्के म्हणजे सुमारे ५३ मिनिटे, आणि या धंद्यात जिचा फार बोलबाला आहे ती ९९.९९९ टक्क्यांची हमी म्हणजे सव्वापाच मिनिटे. एकेका तारेला या वरच्या इयत्तेत चढवणे महाग असते. पण ९९.९ टक्क्यांच्या, म्हणजे तशा साधारणच, दोन तारा घेतल्या तर दोन्ही एकाच वेळी बंद असण्याचा काळ गणिताने वर्षाला अवघा अर्ध्या मिनिटाच्या आसपास येतो. दोन सामान्य गोष्टींतून असामान्य भरवसा मिळतो. मात्र या हिशेबाला एक अट आहे: एकीच्या तुटण्याचा दुसरीशी काही संबंध नसला पाहिजे. दोन्ही तारा एकाच चरात असतील तर गणित पुन्हा पावणेनऊ तासांवर येऊन बसते, आणि पैसे मात्र दोन तारांचे गेलेले असतात.

आणि त्या एकाच चरात असतात, हेच तर रडगाणे आहे. फायबर तसे स्वस्त आहे. महाग आहे ते खोदणे, खोदण्याची परवानगी आणि रस्ता पूर्ववत करण्याचे पालिकेचे शुल्क. म्हणून एकदा चर खणला की त्यात चार कंपन्यांचे डक्ट, म्हणजे केबलच्या नळ्या, पडतात. पुढे या कंपन्या एकमेकींचे तंतू भाड्याने घेतात. मग कागदावर एका कंपनीचा मुख्य मार्ग तिच्या स्वतःच्या केबलवर असतो आणि पर्यायी मार्ग प्रतिस्पर्ध्याच्या केबलवर; नकाशात दोन रंगांच्या रेषा सुरेख वर्तुळ काढतात, आणि जमिनीत मात्र त्या चार किलोमीटर एकमेकींना चिकटून जातात, एकाच पुलाच्या कठड्याला बांधलेल्या असतात. कोकणात तर घाटच मोजके. वर्तुळ काढायला दुसरा रस्ता आणायचा कुठून?

एकत्र नांदण्याचा हा धोका केवळ खड्ड्यात नसतो. तो यंत्रात आणि कारभारातही असतो. कॅनडातल्या रॉजर्स कंपनीचे उदाहरण यासाठी मुळातून पाहण्यासारखे आहे. ८ जुलै २०२२ च्या पहाटे कंपनीचे अभियंते गाभ्याच्या नेटवर्कच्या सुधारणेचा सात टप्प्यांपैकी सहावा टप्पा पार पाडत होते. त्यात काही राउटरमधली एक गाळणी काढली गेली. ती निघताच इंटरनेटच्या मार्गांची अफाट माहिती गाभ्यातल्या राउटरवर लोटली आणि ते कोलमडले. कंपनीचे मोबाइल आणि घरोघरचे इंटरनेट दोन्ही याच एका गाभ्यावर चालत होते, त्यामुळे दोन्ही एकदम गेले. लोकसंख्या चार कोटींच्या आत असलेल्या देशात १ कोटी २० लाखांहून जास्त ग्राहकांचा संपर्क तुटला. इंटरॅक ही तिथली बँकांची देवघेवीची व्यवस्था ठप्प झाली, कारण तिची भिस्त याच नेटवर्कवर होती. यातला सगळ्यात बोलका भाग पुढचा आहे. बिघडलेल्या राउटरपर्यंत पोहोचण्याची अभियंत्यांची वाटही त्याच गाभ्यातून जात होती. त्यांच्या खिशातले फोन त्याच कंपनीचे होते. दुरुस्ती करणाऱ्यांना एकमेकांशी बोलता येईना, यंत्रांच्या नोंदी पाहता येईनात. नेमके काय बिघडले हे उमगायला सुमारे १४ तास लागले. नंतर कॅनडाच्या नियामकासाठी झालेल्या स्वतंत्र तपासणीत आणखी एक गोष्ट पुढे आली. या कामाचा धोका आरंभी ‘जास्त’ असा नोंदवला होता. आधीचे पाच टप्पे सुखरूप पार पडल्यामुळे कंपनीच्या मोजणीच्या पद्धतीने सहाव्याला आपोआप ‘कमी’ धोक्याचा ठरवले. पाच वेळा विहिरीत डोकावून पडलो नाही, तेव्हा सहाव्यांदा कठडा नको, असा हा न्याय.

त्याच तपासणीने हेही नोंदवले की एकच गाभा ठेवणे हा काही गुन्हा नाही. खर्च आणि कामगिरीचा मेळ घालण्यासाठी अनेक कंपन्या तेच करतात. हे मान्य करायला हवे. प्रश्न मेळ कोणत्या आकड्यांतून घातला हा आहे. बिघाडानंतर रॉजर्सने ग्राहकांना पाच दिवसांचे पैसे परत केले, त्याची रक्कम सुमारे १५ कोटी कॅनेडियन डॉलर. मोबाइल आणि इंटरनेटचे गाभे वेगळे करायला किमान २५ कोटी डॉलर लागतील, असे कंपनीनेच सांगितले. हे दोन आकडे शेजारी ठेवा. असा दिवस दहा-वीस वर्षांतून एकदा येईल असे मानणारा हिशेबनीस गाभे वेगळे करण्याचा सल्ला कधी देणार नाही, आणि त्याच्या परीने त्याचे चूकही नाही. दुकानांची बुडालेली विक्री, न लागलेले ९११चे फोन, बंद पडलेली कार्डे यांचे पैसे त्याच्या वहीत कुठे लिहायचे? ते नुकसान दुसऱ्यांचे आहे.

आपल्याकडे याहून वेगळे नाही. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०२४ च्या नियमांनुसार, जिल्हा पातळीवरचा बिघाड २४ तासांहून जास्त चालला तर पोस्टपेड ग्राहकाला त्या दिवसांची सूट आणि प्रीपेड ग्राहकाला तेवढी मुदतवाढ द्यावी लागते. हे १ एप्रिल २०२५ पासून लागू आहे. पाऊल स्वागतार्ह आहे. पण २८ दिवसांचे तीनशे रुपयांचे रिचार्ज घेतले तर एका दिवसाची किंमत होते दहा-अकरा रुपये. एवढ्या भीतीपोटी कुणी नवा चर खणेल असे वाटत नाही. तेवीस तास नेटवर्क गेले तर तेही नाही.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. भारतातले दर जगातल्या सर्वांत स्वस्तांपैकी आहेत. एका ग्राहकामागे महिन्याला दोनशे रुपयांच्या आसपास मिळवणाऱ्या कंपन्यांकडून प्रत्येक गावाला दोन वेगळ्या वाटा मागितल्या तर बोजा शेवटी त्या ग्राहकाच्याच रिचार्जवर पडेल आणि पहिला फटका गरिबाला बसेल. पूर्ण दुप्पट बांधकाम मागणाऱ्यांना हे उत्तर बरोबर आहे. पण पर्यायी वाट मुख्य वाटेइतकी रुंद असावी, हे कुणी सांगितले? आपल्या नेटवर्कवरचा बहुतांश भार व्हिडिओचा. एका व्हिडिओला लागणाऱ्या जागेत कित्येक डझन फोन कॉल बसतात, आणि पैसे पाठवण्याचा एक व्यवहार तर चिमूटभर माहितीत आटोपतो. तालुक्याच्या गावाला डोंगरावरून मायक्रोवेव्हचा एक बारीक दुवा असला आणि केबल तुटल्यावर त्यावरून आधी ११२, मग फोन, मग पैशांचे व्यवहार आणि जागा उरली तर बाकीचे असा क्रम राउटरमध्ये आधीच लावून ठेवला, तर चार तास सिनेमा दिसणार नाही, एवढेच. त्या चार तासांत कुणी सिनेमाबद्दल तक्रार करत असेल तर खुशाल करू दे. आजची पद्धत उलटी आहे: शहराच्या धनवान भागाला रुंद आणि दुहेरी वाट, आड गावाला एकेरी, आणि ती तुटली की सगळेच बंद. प्रतवारी हवीच, पण ती सेवेच्या निकडीवरून लागावी. पिनकोडवरून लागू नये.

स्वस्त आणि खरोखर वेगळ्या वाटेचे दुसरे साधन म्हणजे प्रतिस्पर्धी कंपनी. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली या पट्ट्यात विजेचे खांब आडवे झाले, वीज नाही म्हणून टॉवरच्या बॅटऱ्या काही तासांत संपल्या, झाडे पडल्याने डिझेल पोहोचेना. टाळेबंदीचे दिवस, मुंबईतल्या चाकरमान्याला गावी जाता येईना आणि घरचा फोनही लागेना. अशा वेळी पंचक्रोशीत कुठल्याही एका कंपनीचा एखादा टॉवर जिवंत असेल तर त्यावरून सगळ्यांचेच फोन चालावेत, ही साधी गोष्ट आहे. तंत्र उपलब्ध आहे. एकाच दूरसंचार मंडळातले रोमिंग त्याला म्हणतात. सरकारी निधीतून उभारलेल्या सुमारे २७ हजार ग्रामीण टॉवरवर कोणत्याही कंपनीच्या ग्राहकाला सेवा मिळावी, ही योजना जानेवारी २०२५ मध्ये सुरू झाली. म्हणजे नेहमीच्या दिवसांत जे जमते ते आपत्तीच्या दिवशी आपोआप का होऊ नये, दरवेळी आदेश निघेपर्यंत का थांबावे?

मात्र या उपायाचा दोष झाकून ठेवण्यात अर्थ नाही. रॉजर्सच्या वेळी प्रतिस्पर्धी कंपन्यांनी मदतीचा हात पुढे केला होता, पण तो धरता आला नाही. ग्राहक कोण, त्याला सेवा द्यायची की नाही, हे सांगणारी नोंदवहीच बंद पडलेल्या गाभ्यापलीकडे अडकली होती. शिवाय इतके ग्राहक अचानक सामावून घेण्याइतकी जागा शेजाऱ्याकडेही नव्हती. आणखी वाईट म्हणजे टॉवर वरवर जिवंत होते. फोन त्यांनाच चिकटून राहिले आणि आणीबाणीच्या कॉलसाठीही दुसऱ्या नेटवर्ककडे वळले नाहीत. पूर्ण मेलेल्या नेटवर्कपेक्षा अर्धमेले नेटवर्क जास्त घातक ठरते ते असे. यावरून शेजाऱ्याची मदत निरुपयोगी ठरत नाही. ती आधी ठरवून, ग्राहकांची नोंदवही वेगळ्या जागी ठेवून आणि टॉवर स्वतःहून बाजूला होतील अशी सोय करून मिळवावी लागते, एवढे कळते. कॅनडाच्या उद्योगमंत्र्यांनी कंपन्यांना ६० दिवसांची मुदत दिली आणि सप्टेंबर २०२२ मध्ये आपत्कालीन रोमिंग व परस्पर साहाय्याचा करार झाला. तोवर कुणालाच घाई नव्हती.

बाजार हे आपोआप सोडवेल, असेही म्हटले जाते. ज्याला भरवसा हवा त्याने दोन सिम ठेवावीत. जपानमध्ये तर जुलै २०२२ मध्ये केडीडीआय कंपनीचे नेटवर्क अडीच दिवस कोलमडल्यावर, पुढच्या वर्षी प्रतिस्पर्धी नेटवर्कवरची पर्यायी लाइन महिन्याला ४२९ येनला विकायला निघाली. कल्पना चांगली. आपल्याकडेही लाखो लोक दोन सिम बाळगतात आणि भरवशाचा खर्च मुकाट्याने स्वतःच्या खिशातून करतात. पण ती दोन सिम ज्या टॉवरवर पोहोचतात तो अनेकदा एकच असतो. टॉवर उभारणारी कंपनी तिसरीच असते आणि तिच्या लोखंडावर दोन-तीन कंपन्यांचे अँटेना, खाली एकच बॅटरी, एकच जनरेटर. एअरटेल आणि व्होडाफोन आयडिया या दोन्ही इंडस टॉवर्सच्या भाडेकरू आहेत, यात गैर काही नाही, खर्च त्यामुळेच वाचतो. फक्त ग्राहकाला आपण दोन वाटा विकत घेतल्या असे वाटत असते आणि त्याच्या हाती एकच आलेली असते. कुठल्या गावात काय आहे हे कळायची त्याला सोय नाही. माहितीच नसलेल्या मालाचा बाजार कसा भरणार?

राहिला अभियंत्यांचा आक्षेप: सावरण्याची यंत्रणा जितकी वाढवाल तितकी गुंतागुंत वाढते आणि तीच उलटते. खरे आहे. १५ जानेवारी १९९० ला अमेरिकेत एटी अँड टीचे एक यंत्र बिघडले, स्वतःहून सावरले आणि ‘मी परत आलो’ असे त्याने शेजाऱ्यांना कळवले. ते निरोप हाताळणाऱ्या प्रोग्राममध्ये एक चूक होती. शेजारी कोसळले, सावरले, त्यांनी पुढच्यांना कळवले, आणि ११४ यंत्रे नऊ तास एकमेकांना पाडत राहिली. बरे होण्याचीच लागण झाली. पण त्या सगळ्या यंत्रांत एकच प्रोग्राम, तीच चूक घेऊन चालत होता, म्हणून ती पसरली. संख्या ११४ असली तरी त्या अर्थाने यंत्र एकच होते. हा आक्षेप माझ्या म्हणण्याविरुद्ध जात नाही. तो त्यालाच टेकू देतो.

तेव्हा ट्रायने आणि दूरसंचार विभागाने कंपन्यांना आधी विचारायला हवे ते असे: तुमच्या वर्तुळाच्या दोन बाजू जमिनीत कुठे कुठे एकत्र येतात? नकाशे गोपनीय आहेत, घातपाताची भीती आहे, हे कंपन्यांचे उत्तर समजण्यासारखे आहे. जाहीर करू नका, मोहोरबंद द्या, पण सगळ्या कंपन्यांचे एकावर एक ठेवून कुणीतरी पाहू द्या, कारण भाड्याच्या तंतूंमुळे एकट्या कंपनीलाही स्वतःची पूर्ण वाट ठाऊक नसण्याची शक्यता आहे. जिथे दोन्ही बाजू एकत्र आहेत तिथला पर्यायी मार्ग भरवशाच्या हिशेबात धरायचा नाही. पावसाळ्याआधी जशी नालेसफाईची पाहणी होते तशी वर्षातून एकदा मुख्य मार्ग मुद्दाम बंद करून पर्यायी मार्गाची परीक्षा घ्यायची आणि निकाल जिल्हावार छापायचा. नव्या महामार्गाच्या आणि पुलाच्या निविदेतच दोन्ही बाजूंना वेगवेगळे डक्ट मागायचे; रस्ता होताना ते घालण्याचा खर्च रस्ता झाल्यावर फोडण्यापेक्षा कितीतरी कमी. दुरुस्तीची वाट मुख्य नेटवर्कपासून वेगळी असल्याचे दाखवल्याखेरीज गाभ्याला हात लावायचा नाही. आणि कंट्रोल रूममध्ये रात्रपाळीला बसणाऱ्या प्रत्येक अभियंत्याला प्रतिस्पर्धी कंपनीचे एक चालू सिम द्यायचे, ज्याचे रिचार्ज आपण सगळेच भरतो तेवढ्याच किमतीला मिळते.